बाखची पुण्यतिथी, २८ जुलै : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या स्मरणदिनाबद्दल दोन प्रकारचे लोक विचारतात. एक, जे त्या सुमारास जर्मनीत असणार आहेत आणि लाइपझिगला जाऊन यावं म्हणतात. दुसरे, जे मुंबई, पुणे, गोवा किंवा परदेशातल्या एखाद्या शहरात तासाभराचा कार्यक्रम बसवू पाहतात. दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

पुण्यतिथीची तारीख पक्की आहे का?

पक्की आहे. २८ जुलै १७५०, मंगळवार, संध्याकाळी सव्वाआठनंतर थोड्या वेळाने, लाइपझिगमध्ये. वय ६५. त्याच वर्षी मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली होती. दृष्टी गेली आणि तब्येत पुन्हा सावरली नाही. याच टेलरने पुढे संगीतकार हँडलच्या डोळ्यांनाही हात लावला, तिथेही उपयोग झाला नाही.

मग जयंती २१ मार्चला की ३१ मार्चला?

दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. बाख १६८५ साली आयझेनाखमध्ये जन्मला, तेव्हा तिथे जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि त्यानुसार तो दिवस २१ मार्च होता. ग्रेगोरियन हिशेबाने दहा दिवस पुढे, म्हणजे ३१ मार्च. प्रोटेस्टंट जर्मन राज्यांनी नवं कॅलेंडर १७०० साली घेतलं आणि त्या वर्षी १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला. आपल्याकडे शिवजयंतीची १९ फेब्रुवारी हीसुद्धा ज्युलियन तारीखच आहे, तेव्हा मराठी वाचकाला हा गोंधळ नवा नाही.

जगभर पाळली जाते ती २१ मार्च. युरोपातला ‘अर्ली म्युझिक डे’ही त्याच दिवशी असतो. कार्यक्रम करायचा तर २१ मार्चच धरा. निमंत्रणावर ३१ मार्च छापलंत तर चूक ठरणार नाही, पण प्रत्येकाला समजावत बसावं लागेल.

तारखांबाबत इतकं काटेकोर असायला हवं का?

हवं, कारण छापलेलं साल पुसता येत नाही. लंडनने १७८४ साली हँडलची जन्मशताब्दी वेस्टमिन्स्टर ॲबीत साजरी केली. पाचशेहून जास्त गायक-वादक होते, राजा तिसरा जॉर्ज हजर होता. हँडलचा जन्म मात्र १६८५ चा. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे २३ फेब्रुवारी १६८५ हा दिवस तिथे १६८४ मध्ये मोजला जाई, आणि ॲबीतल्या त्याच्या स्मारकावर तेच साल कोरलेलं आहे. पंचविसावी पुण्यतिथी म्हणाले असते तर बिनचूक होतं, कारण हँडल १७५९ साली गेला.

पुढची मोठी वर्षं कोणती?

११ एप्रिल २०२७ : येशूच्या यातना आणि मृत्यूवरच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या बाखच्या रचनेच्या पहिल्या सादरीकरणाला ३०० वर्षं. हे सादरीकरण १७२९ चं असं विसाव्या शतकात बराच काळ मानलं जाई, जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनांवर तेच साल दिसेल. आता १७२७ चा गुड फ्रायडे मान्य आहे. ११ मार्च २०२९ : वीस वर्षांच्या मेंडेल्सोन या संगीतकाराने बर्लिनला हीच रचना पुन्हा उभी केली त्याला २०० वर्षं. त्यानंतर २१ मार्च २०३५ ला जन्माची ३५० वर्षं आणि २८ जुलै २०५० ला मृत्यूची ३००.

आजवरच्या स्मरणवर्षांत नेमकं काय झालं?

भाषणं पुष्कळ झाली असणार, ती कुणाला आठवत नाहीत. उरली ती कामं. मृत्यूच्या शताब्दीला, १८५० साली, लाइपझिगमध्ये बाख-गेझेलशाफ्ट ही संस्था निघाली. उद्देश एकच होता : हस्तलिखितं आणि मूळ छापील प्रती तपासून बाखचं सगळं संगीत छापायचं, संपादकाने आपल्या मनाचं काही घुसडायचं नाही. पहिला खंड १८५१ मध्ये आला, काम १८९९ पर्यंत चाललं आणि ४६ खंड झाले. आज इंटरनेटवर फुकट मिळणारी बाखची बहुतेक पानं याच खंडांतली आहेत. काम पुरं झाल्यावर संस्था विसर्जित झाली आणि १९०० मध्ये नवी बाख-गेझेलशाफ्ट सुरू झाली, ती आजही आहे.

१९५० चं वर्ष सर्वांत फलदायी. वोल्फगांग श्मिडरने केलेली बाखच्या रचनांची क्रमवार सूची त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, म्हणजे आपण ज्याला बीडब्ल्यूव्ही क्रमांक म्हणतो तो. लाइपझिगमध्ये बाख-आर्काइव्ह स्थापन झालं. त्याच वर्षीच्या बाख स्पर्धेत तात्याना निकोलायेवाने पियानोचं पहिलं बक्षीस घेतलं. परीक्षकांत रशियन संगीतकार शोस्ताकोविच होता, आणि मॉस्कोला परतल्यावर त्याने २४ प्रिल्यूड आणि फ्यूग (एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक गुंफलेली रचना) लिहायला घेतले. पुतळ्यापेक्षा हे कधीही बरं. १९८५ मध्ये, बाख जिथलं संगीत सांभाळायचा त्या थॉमस चर्चसमोर बाख संग्रहालय उघडलं आणि २००० मध्ये त्या चर्चमध्ये बाखच्या काळाला साजेसा नवा ऑर्गन बसला.

२०२५ मध्ये २७५ वं वर्ष होतं. त्या नोव्हेंबरमध्ये दोन ऑर्गन शाकोन (खर्जातल्या एकाच चालीवर बांधलेल्या रचना) बाखच्या नावावर नोंदले गेले, बीडब्ल्यूव्ही ११७८ आणि ११७९, आणि थॉमस चर्चमध्ये टोन कोपमनने ते वाजवले. तरुणपणच्या या रचना आहेत. नव्या कार्यक्रमासाठी ऑर्गनवादक हाताशी असेल तर जरूर विचार करा.

२८ जुलैला लाइपझिगला जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण काय मिळणार नाही ते आधी समजून घ्या. शहराचा मोठा बाख महोत्सव जूनमध्ये असतो, दहा-अकरा दिवस, आणि त्याचा शेवट थॉमस चर्चमध्ये बाखच्या ‘बी मायनर मास’ने होतो. त्याची तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. जुलैच्या शेवटी सॅक्सनीतल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते. थॉमानर कॉयर, म्हणजे थॉमस चर्चचा गायकवृंद, ही शाळेत शिकणारी मुलंच, १२१२ पासूनची परंपरा असली तरी सुट्टी ती सुट्टी. तो कॉयर ऐकायचा असेल तर शाळा चालू असताना जा : शुक्रवारी संध्याकाळी ६ आणि शनिवारी दुपारी ३ वाजता थॉमस चर्चमध्ये ‘मोटेट’ नावाची सांगीतिक प्रार्थना असते. मोठं तिकीट नसतं, कार्यक्रमपत्रिका विकत घेतली की आत जाता येतं. पाऊण तास आधी रांगेत उभं राहावं, उशिरा आलेल्यांना खांबामागची जागा मिळते. सुट्टीच्या दिवसांत पाहुणे वृंद येतात. निघण्यापूर्वी चर्चचं त्या आठवड्याचं वेळापत्रक बघाच, कॉयर दौऱ्यावर असला तरी ही सभा दुसऱ्यांवर सोपवली जाते.

२८ जुलैला मिळते ती शांतता. थॉमस चर्चमध्ये वेदीसमोरच्या जमिनीत बाखच्या थडग्यावर कांस्याची साधी पट्टी आहे, तिच्यावर फक्त नाव. फुलं ठेवलेली असतात.

थडग्यात खरोखर बाखच आहे का?

बहुधा. १७५० मध्ये त्याला शहराच्या तटाबाहेर सेंट जॉन चर्चच्या स्मशानभूमीत पुरलं, दगड लावला नाही. ओकच्या पेटीत, चर्चच्या दक्षिण दारापासून सहा पावलांवर, एवढी आठवण तोंडी टिकून राहिली. १८९४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा ओकच्या पेटीत एका वयस्क पुरुषाचा सांगाडा मिळाला. शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस याने कवटी तपासली आणि शिल्पकार कार्ल झेफनरने तिच्यावर चेहरा उभा केला. चित्रांशी तो जुळला आणि प्रश्न मिटल्याचं जाहीर झालं. आजच्या कसोटीला हा पुरावा पुरेल असं नाही. दुसऱ्या महायुद्धात ते चर्च बॉम्बहल्ल्यात पडलं, अवशेष १९४९ मध्ये थॉमस चर्चमध्ये आणले आणि सध्याचं थडगं १९५० च्या द्विशताब्दीला तयार झालं. म्हणजे बाख तिथे पहिल्यापासून आहे असं समजून कुणी भारावलं तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

एकच दिवस असेल तर लाइपझिगमध्ये काय बघावं?

मध्यवर्ती स्टेशनपासून थॉमस चर्च पंधराएक मिनिटं चालत. बाहेर झेफनरचा १९०८ चा पुतळा आहे, कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला. जवळच्या बागेत मेंडेल्सोनने पैसे जमवून १८४३ मध्ये उभारलेलं लहान स्मारक आहे, बहुतेक पर्यटक त्याच्या शेजारून निघून जातात. चर्चसमोर बोझे कुटुंबाच्या घरात बाख संग्रहालय. सोमवारी बंद. त्यात १७४८ चं हाउसमनने काढलेलं बाखचं चित्र आहे आणि सेंट जॉन चर्चच्या ज्या ऑर्गनची बाखने १७४३ मध्ये परीक्षा घेतली त्याची वाजवायची चौकट आहे. हे दोन तास धरा.

नंतर जुनं नगरभवन, तिथे त्याच चित्रकाराचं १७४६ चं मूळ चित्र. मग सेंट निकोलस चर्च, जिथे ७ एप्रिल १७२४ ला ‘सेंट जॉन पॅशन’ पहिल्यांदा गायलं गेलं. त्याची आतली पांढरी-हिरवी सजावट मात्र बाखच्या मृत्यूनंतरची आहे, आणि थॉमस चर्चचं अंतरंगही एकोणिसाव्या शतकात बदललं. बाख जिथे राहत होता ती थॉमस चर्चच्या शाळेची इमारत १९०२ मध्ये पाडली. डोळ्यांनी बघायला फार थोडं उरलंय, तेव्हा बघण्यापेक्षा ऐकण्याच्या वेळा गाठा.

आयझेनाखला जायला हवं का?

वेळ असेल तर हो. तिथल्या बाखहाउसमध्ये जुन्या वाद्यांवर प्रत्यक्ष वाजवून दाखवतात, हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या कीबोर्ड वाद्यांच्या आवाजातला फरक पाच मिनिटांत कळतो. ते घर जन्मघर म्हणून १९०७ मध्ये उघडलं, पण बाखचा जन्म तिथे झालेला नाही. खरी जागा बघायची तर सेंट जॉर्ज चर्चमध्ये जा : २३ मार्च १६८५ ला ज्या पात्रात त्याचा बाप्तिस्मा झाला ते अजून तिथेच आहे.

छोटा कार्यक्रम बसवायचा आहे. रचना कोणत्या घ्याव्यात?

आधी माणसं मोजा, मग रचना निवडा. सगळ्यात जास्त कार्यक्रम फसतात ते याच्या उलट केल्याने : ‘मॅथ्यू पॅशन’ ठरतं, मग कळतं की त्याला दोन कॉयर, दोन वाद्यवृंद आणि जवळजवळ तीन तास लागतात, मग त्यातले तुकडे निवडले जातात, आणि तुकडे एकमेकांना धरून राहत नाहीत.

पुण्यतिथीला सर्वांत चपखल बसणारी रचना बीडब्ल्यूव्ही १०६, ‘आक्टुस ट्रागिकुस’. बाखने ती विशीत लिहिली, मृत्यू हाच तिचा विषय, अवधी सुमारे २० मिनिटं. चार गायक, दोन रेकॉर्डर (उभ्या लाकडी बासऱ्या), दोन व्हायोला दा गांबा (पायांत धरून वाजवायचं जुनं तारवाद्य) आणि खर्जासाठी ऑर्गन व चेलो. दहा माणसांत होते. अडचण पट्टीची आहे. मूळच्या काळी रेकॉर्डर आणि ऑर्गन वेगवेगळ्या पट्टीत असल्यामुळे आधुनिक प्रतींत रेकॉर्डरचा भाग एफ मेजरमध्ये आणि बाकीच्यांचा ई-फ्लॅटमध्ये छापलेला सापडतो. सगळे एकाच पट्टीतले असतील तर सर्वांनी एफमध्ये वाजवा. ई-फ्लॅट धरलंत तर रेकॉर्डरचे काही स्वर वाद्याच्या खाली जातात. प्रती मागवताना ही गोष्ट विचारली नाही तर पहिल्या तालमीला कर्णकटू धक्का बसतो. गांबा नसतील तर व्हायोला आणि चेलो चालतात, फक्त त्यांना अर्ध्या जोराने वाजवायला सांगा, नाहीतर रेकॉर्डर ऐकूच येत नाहीत.

वाद्यं अजिबात नसतील आणि कॉयर चांगला असेल तर ‘येझू, माइने फ्रॉइडे’, बीडब्ल्यूव्ही २२७. अकरा भाग, पाच आवाज (सोप्रानोचे दोन), साधारण २० मिनिटं. निव्वळ गळ्यांवर गायलं तर पाचव्या-सहाव्या भागापर्यंत पट्टी पाव स्वर तरी उतरते. बास गायकांच्या बरोबरीने एक चेलो आणि हलका ऑर्गन ठेवला की हा त्रास संपतो, आणि ते बाखच्या काळाला धरूनही आहे.

एकच उत्तम बास गायक आणि ओबोवादक मिळत असेल तर बीडब्ल्यूव्ही ८२, ‘इश हाबे गेनुग’, २२ मिनिटं. तारवाद्यांचे प्रत्येकी एक असले तरी पुरे. फक्त वादक असतील तर तिसरा ब्रांडेनबुर्ग : तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो, एक डबल बेस, एक हार्पसिकॉर्ड, ११ मिनिटं. इथे तीन चांगले व्हायोला मिळवणं हेच खरं काम.

पियानो शिकणाऱ्या मुलांचा वर्ग असेल तर पंधरा दोन-आवाजी इन्व्हेन्शन आहेत, बीडब्ल्यूव्ही ७७२ ते ७८६. प्रत्येक एक-दोन मिनिटांची. पंधरा मुलांना एकेक द्या, बदलाबदलीसकट अर्ध्या तासात होतं. पट्ट्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत, क्रम मोडू नका.

शेवटाला ‘मॅथ्यू पॅशन’मधला ‘वेन इश आइनमाल झोल शायडेन’ हा कोराल, म्हणजे चर्चगीत, सगळ्यांनी मिळून गायचा, दोन मिनिटं. गोव्यातल्या आणि वसईकडच्या चर्चगायकांना चार आवाजी गायनाची सवय असते, त्यांना तो दोन तालमींत येतो.

कॉयर किती मोठा हवा?

बाखनेच लिहून ठेवलंय. २३ ऑगस्ट १७३० च्या निवेदनात त्याने नगरपरिषदेला कळवलं की प्रत्येक कॉयरला किमान १२ गायक लागतात, १६ असतील तर उत्तम, म्हणजे आवाजाला चार, आणि वादक किमान १८. त्याच कागदात शाळेतल्या मुलांची यादीही आहे : १७ उपयोगी, २० अजून तयार नसलेली, १७ निरुपयोगी. असा हिशेब आजही प्रत्येक कॉयर चालवणाऱ्याच्या मनात असतो, कागदावर कुणी उतरवत नाही.

जोशुआ रिफकिनने १९८१ मध्ये मांडलं की बाख बहुतेकदा एका आवाजाला एकच गायक वापरत असे. वाद मिटलेला नाही. व्यवहारात मात्र त्याचा फायदा घ्या : चार भक्कम गायकांनी केलेली कँटाटा (गायक-वादकांसाठीची अनेक भागांची रचना) चाळीस डळमळीत गायकांपेक्षा नेहमी चांगली होते.

पट्टी ४१५ ठेवावी की ४४०?

हे आकडे ‘ए’ या स्वराच्या सेकंदाला होणाऱ्या कंपनांचे. सगळी वाद्यं आधुनिक असतील तर ४४०, विचार संपला. आधुनिक व्हायोलिन ४१५ ला उतरवलं की तारा ढिल्या पडतात, आवाज मरतो आणि पहिले काही दिवस सूर टिकत नाही. ४१५ घ्यायची ती बरोक (बाखच्या काळातल्या धाटणीची) वाद्यं किंवा त्या पट्टीतले रेकॉर्डर असतील तरच. ४१५ म्हणजे ४४० च्या बरोबर अर्धा स्वर खाली, त्यामुळे डिजिटल वाद्यावर ट्रान्सपोज उणे एक केलं की ४१५.३ मिळतं. हा ०.३ चा फरक कुणाला ऐकू येत नाही.

हार्पसिकॉर्ड मिळत नाही. काय करावं?

भारतात तो मिळणं कठीणच. चांगल्या डिजिटल पियानोवर हार्पसिकॉर्डचा आवाज असतो, तो वापरा. तीन गोष्टी सांभाळा. कीबोर्डची दाबसंवेदना बंद करा, कारण खऱ्या वाद्यात जोराने दाबल्याने आवाज वाढत नाही. सस्टेन पेडल काढून ठेवा, सवयीने पाय जातो. आणि स्पीकर वादकाच्या पायाजवळ ठेवा. सभागृहाच्या मोठ्या ध्वनियंत्रणेतून तो आवाज सोडलात की पहिल्या पाच मिनिटांत कान किटतात.

खरा हार्पसिकॉर्ड असेल तर सूर कसा लावायचा?

बाखसाठी व्हालोटी पद्धत सर्वांत कमी धोक्याची, चोवीसही पट्ट्या चालतात. एफ, सी, जी, डी, ए, ई, बी या साखळीतले सहा पंचम प्रत्येकी सुमारे ४ सेंटने (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) अरुंद ठेवायचे, उरलेले सहा पूर्ण शुद्ध. कानाने लावणाऱ्याने आधी ए घ्यावा, मग अरुंद पंचम, शेवटी शुद्ध. बी-पासून एफपर्यंतची शुद्ध साखळी पुरी केल्यावर शेवटचा पंचम लहरत असेल तर चूक आधीच्या अरुंद पंचमांत आहे, शुद्ध पंचम खेचत बसू नका.

फोनवरच्या ट्युनरने लावत असाल तर एक सापळा आहे. काही ॲप सी हा स्वर स्थिर धरतात. तसं झालं की तुमचा ए ४१५ वर न येता सुमारे ६ सेंट खाली येतो, आणि ओबोने दिलेल्या सुराशी वाद्य भांडत राहतं. सेटिंगमध्ये ए स्थिर आहे ना ते बघा. तारांचा एक आठ फुटी (नेहमीच्या सप्तकाचा) संच आधी लावा, दुसरा त्याच्यावरून, चार फुटी (एक सप्तक वरचा) सर्वांत शेवटी. दोन आठ फुटी आणि एक चार फुटी संच असेल तर पावणेदोनशेच्या आसपास तारा होतात, सरावाच्या हाताला पाऊण तास. मध्यंतरासाठी आणखी वीस मिनिटं मोकळी ठेवा.

जुलैत मुंबई-गोव्याला पाऊस असतो. वाद्यांचं काय?

हाच सर्वांत मोठा व्यावहारिक प्रश्न, आणि तो शेवटच्या दिवशी आठवतो. दमट हवेत हार्पसिकॉर्डची आवाज घुमवणारी साउंडबोर्डची फळी फुगते आणि सूर चढतो, तारा छेडणारे जॅक अडकतात, आतड्याच्या तारा भरवशाच्या राहत नाहीत. एसी आदल्या दिवसापासून चालू ठेवा आणि कार्यक्रम संपेपर्यंत बंद करू नका. आवाज होतो म्हणून ऐनवेळी एसी बंद करणारा कुणीतरी असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा. साधं आर्द्रतामापक वाद्याजवळ ठेवावं, ५० ते ६० टक्क्यांत स्थिर राहिलं की पुरे. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. रंगमंचावरचे दिवे सूर लावायच्या आधी पेटवा, कारण त्यांच्या उष्णतेने लावलेला सूर पुन्हा हलतो. व्हायोलिनवाल्यांनी आतड्याऐवजी सिंथेटिक तारा लावाव्यात, शुद्धतेचा हट्ट ऑक्टोबरनंतर करता येईल.

मुंबईत एनसीपीएमधल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये येतात, त्यामुळे जुलैत सभागृह आणि वादक दोन्ही तुलनेने मोकळे सापडतात. पावसाचा तेवढा एक फायदा. बाकी पाऊस नको असेल तर जयंती धरा.

स्वरलिपी कुठून घ्यावी? कायद्याची अडचण येते का?

बाखच्या संगीतावर कुणाचाही हक्क नाही. एकोणिसाव्या शतकातले ४६ खंडही मुक्त आहेत, ते उतरवून छापता येतात. दोन त्रास आहेत : सोप्रानो, आल्टो आणि टेनर या आवाजांचे भाग जुन्या सी-क्लेफमध्ये (ओळींवरच्या स्वरांच्या जागा ठरवणारी खूण) आहेत, हौशी गायक ते वाचू शकत नाहीत, आणि वादकांचे सुटे भाग त्यात नाहीत. नवी संशोधित आवृत्ती विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, तिची झेरॉक्स काढून वाटू नये.

सर्वांनी एकाच आवृत्तीतून गावं. ‘मॅथ्यू पॅशन’ जुन्या क्रमांकनात ७८ भागांचं आहे, नव्यात ६८. ‘ओ हाउप्ट फोल ब्लूट’ हा कोराल एकात ६३ वा आणि दुसऱ्यात ५४ वा. दोन आवृत्त्या मिसळल्या की तालमीतला निम्मा वेळ पानं शोधण्यात जातो. शंका आली तर हस्तलिखितांचे फोटो ‘बाख डिजिटल’ या संकेतस्थळावर मोफत बघता येतात.

कार्यक्रमपत्रिकेत हमखास काय चुकतं?

जे बाखचं नाही ते त्याच्या नावावर जातं. मुलं वाजवतात तो जी मेजर मिन्युएट क्रिस्टियान पेत्सोल्डचा आहे. ‘बिस्ट डू बाय मिर’ श्टोल्त्सेलचं. ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ हे विल्हेल्मीने केलेलं रूपांतर, मूळ डी मेजरमधल्या बीडब्ल्यूव्ही १०६८ या सूटमधला एक भाग. ‘आवे मारिया’त गायलेली चाल गुनोची, खाली वाजतं ते बाखचं. ही सगळी वाजवायला हरकत नाही, नाव बरोबर छापा. शिवाय गायनाचा अर्थ मराठीत शेजारी द्या. दिवे मंद करणार असाल तर अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका.

‘आर्ट ऑफ फ्यूग’ लिहिता लिहिताच तो गेला, हे खरं का?

नाही. या फ्यूगसंग्रहातला शेवटचा फ्यूग २३९ व्या मात्राखंडात तुटतो आणि तिथे मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने लिहिलंय की इथे वडिलांचा मृत्यू झाला. पण ते पान बाखच्या स्वतःच्या अक्षरात आहे, आणि अखेरच्या महिन्यांत तो लिहिण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणजे तुटला तो आधीच, केव्हातरी. १७५१ च्या छापील प्रतीत या अपुरेपणाची भरपाई म्हणून एक ऑर्गन कोराल जोडला आहे, त्याचं दुसरं रूप बीडब्ल्यूव्ही ६६८.

पुण्यतिथीला हा फ्यूग वाजवायचा तर दोन मार्ग. जिथे तुटतो तिथे थांबायचं आणि लगेच कोराल, किंवा नुसतं थांबायचं. नंतरच्या लोकांनी पुरे केलेले शेवट उपलब्ध आहेत, ते अभ्यासाला ठीक. स्मरणाच्या कार्यक्रमात तुटलेलं तुटलेलंच ठेवावं असं आमचं मत. थांबणार असाल तर वादकाला आधी सांगा की हात तसेच ठेवायचे. नाहीतर लोकांना वाटतं की तो विसरला.

आमच्याच वादनाच्या थेट प्रसारणावर यूट्यूबने हक्काचा दावा लावला. असं का?

यंत्रणा ध्वनी जुळवते, आणि एकाच स्वरलिपीतून वाजवलेले दोन तिसरे ब्रांडेनबुर्ग तिला एकच वाटू शकतात. दाव्यावर हरकत नोंदवा : रचना मुक्त, वादन आपलं. तारीख, जागा आणि वादकांची नावं व्हिडिओच्या वर्णनात आधीच लिहिलेली असली तर काम सोपं होतं. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण मध्यंतरात वाजवलं असेल तर मात्र दावा खरा आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, आणि सभागृहात ते वाजवायलाही परवाना लागतो. मध्यंतरात काही लावूच नका, हार्पसिकॉर्डला तेवढ्या वेळात सूर लावायचा आहे.